बॉल सोफ्याखाली गेला की पोरं नेमकं काय शोधतात (आणि घरच्या घरी चार दरवाजांचा खेळ कसा करायचा)

आमच्या घरी रोज संध्याकाळी एक सीन ठरलेला. माझी लेक चिऊ बॉल ढकलते, बॉल सोफ्याखाली जातो आणि दुसऱ्या बाजूने, टीव्हीच्या टेबलाजवळून, आरामात बाहेर येऊन भिंतीला लागून थांबतो. आणि ही कुठे? तर जिथून बॉल आत गेला तिथेच पालथी पडलेली, गाल फरशीला, पाय वर. सासूबाई म्हणतात, अगं तिकडे आहे बघ, पलीकडे गेला. ती मान वर करते, आजीकडे बघते, आणि परत त्याच फटीत डोकं. तेव्हा ती सव्वादोन वर्षांची होती, गाणी म्हणायची, फोनवर व्हिडिओ स्वतः बदलायची, कुठल्या डब्यात खजूर असतो ते तिला झोपेतही माहीत, आणि एवढा मोठा पिवळा बॉल पलीकडून निघतो हे कळत नव्हतं. मला आधी हसू यायचं, मग थोडी काळजी वाटली, मग मी वाचायला बसले, आणि कळलं की हे अगदी नॉर्मल आहे, उलट ह्या वयातली सगळ्यात इंटरेस्टिंग गोष्ट हीच आहे. म्हणून हे लिहितेय, घरी खेळ कसा करायचा आणि खेळताना काय बघायचं ते.

आधी थोडं मागचं सांगते नाहीतर खेळाचा अर्थ लागणार नाही. आठ-नऊ महिन्यांचं बाळ झाकलेल्या वस्तूवरचा रुमाल ओढायला लागतं, म्हणजे दिसत नसलं तरी आहे हे त्याला कळतंय. त्याच्या आधी बुवा-कुक खेळताना ते खिदळतं पण स्वतः शोधत नाही. मग वर्षाच्या आतबाहेर एक गमतीशीर चूक येते, खेळणं दोनतीनदा डावीकडच्या वाटीखाली लपवलं आणि मग त्याच्या डोळ्यांदेखत उजवीकडच्या वाटीखाली ठेवलं तरी बाळ डावीकडेच जातं. अडेल डायमंड नावाच्या बाईंनी 1985 मध्ये हे मोजून दाखवलं, साडेसात महिन्यांचं बाळ दोन सेकंद थांबवलं तरी चुकतं आणि वर्षाचं झालं की दहा सेकंदांपर्यंत लक्षात ठेवतं, म्हणजे साधारण महिन्याला दोन सेकंदांची वाढ. मला हा आकडा फार आवडतो. महिनाभर रात्री जागून दोन सेकंद.

पुढची पायरी म्हणजे न दिसता हललेली वस्तू. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ पियाजे यांनी स्वतःच्या तीन पोरांवरच ही निरीक्षणं केली होती, त्यातला एक किस्सा बटाट्याचा आहे. मुलगी जॅकलीन दीड वर्षाची, सतरंजीवर बसून बटाट्याशी खेळतेय. बाबांनी बटाटा तिच्यासमोर डब्यात ठेवला, डबा सतरंजीखाली नेला, तिथेच उपडा करून बटाटा खाली सोडला आणि रिकामा डबा बाहेर काढला. आता बटाटा दे म्हटलं तर पोरगी डब्यात बघते, बाबांकडे बघते, परत डब्यात, सतरंजीकडेही बघते, पण सतरंजी उचलायचं काही सुचत नाही. हे तुम्ही उद्या सकाळी भाजी निवडताना करून बघू शकता, बटाटा आहेच, सतरंजी आहेच. साधारण दीड ते दोन वर्षांच्या मधे कधीतरी पोरं उचलायला लागतात. आणि हो, आपल्याकडे ही टेस्ट प्रत्येक आजी नकळत घेत असतेच, बिस्किट पदरामागे लपवून "काऊने नेलं, भुर्र". वर्षाचं पोर खरंच खिडकीकडे बघतं. दोन वर्षांचं पोर सरळ पदर ओढतं. ज्या दिवशी पदर ओढला त्या दिवसापासून काऊला रिटायर करायचं.

तर मग चिऊ, जी काऊला कधीच फसत नाही, ती सोफ्याला का फसते? कारण पदरामागची वस्तू जिथे गेली तिथेच राहते. बॉल मात्र नजरेआड गेल्यावरही पळत असतो, आणि तो कुठे थांबला हे कळायला मधे काय अडवेल ते डोक्यात जुळवावं लागतं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स युनिव्हर्सिटीच्या ॲमहर्स्टच्या लॅबमध्ये बर्थियर, क्लिफ्टन आणि त्यांच्या टीमने नेमकं हेच तपासलं, 2000 साली ते छापून आलं. एक उतार, त्याच्यापुढे चार दरवाजे असलेला पडदा, आणि उतारावर मधेच एक आडवी भिंत, जिचं टोक पडद्याच्या वर दिसतं. बॉल सोडला की तो पडद्यामागे जाऊन भिंतीला अडून थांबतो. पोराने फक्त भिंतीला लागून असलेला दरवाजा उघडायचा. आपल्याला वाटेल काय त्यात. दोन वर्षांची पोरं जवळजवळ नुसत्या अंदाजाने दरवाजे उघडत होती, अडीच वर्षांच्यातही थोडीच जमवणारी निघाली, आणि तीन वर्षांच्यांपैकी बहुतेकांना यायला लागलं. म्हणजे एका वर्षात काहीतरी डोक्यात बसतं. मला ते बसताना बघायचं होतं, म्हणून मी हे घरीच बनवलं.

सामान. एक लाकडी फळी किंवा जाड पुठ्ठा, 75 सेंटीमीटर लांब आणि 20 रुंद, आमच्याकडे जुन्या शेल्फची फळी होती. पडद्यासाठी टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा, 60 बाय 20. भिंतीसाठी जाड पुठ्ठ्याचं फुलस्केप रजिस्टर, दुकानदार हिशोबाला वापरतात ते, त्याला लाल कागदाचं कव्हर घालायचं. पॅकिंगची चिकटपट्टी, कटर, स्पंजचा तुकडा (भांडी घासायचा नवा चालेल, वापरलेला नको, वास येतो), चार मोठी बटणं आणि दोरा. आणि बॉल. बॉलच्या बाबतीत मी कडक आहे, गोटी अजिबात नाही, टेबल टेनिसचा बॉलसुद्धा नाही, तो 40 मिलिमीटरचा असतो आणि तीन वर्षांच्या आतल्या पोरांसाठी साडेचार सेंटीमीटरपेक्षा लहान बॉल घशात अडकण्याची भीती असते. टेनिस बॉल बेस्ट. बटणंसुद्धा घट्ट शिवा, ओढून बघा, आणि शंका असेल तर बटण सोडून नाडीची गाठ मारा. खेळ संपला की सगळं उचलून वर.

आता जोडणी. फळी घरातल्या भिंतीला लावून ठेवा म्हणजे बॉल मागे पडत नाही. एका टोकाखाली दोन वह्या, बस, जास्त उतार नको, जास्त उतार दिला की बॉल धाडकन जाऊन रजिस्टरवर आपटतो आणि उलटा येतो आणि मग भलत्याच दरवाजामागे सापडतो, आणि पोरगी बरोबर असून चूक ठरते. हे आमच्याकडे पहिल्याच दिवशी झालं. म्हणून रजिस्टरला ज्या बाजूने बॉल येतो तिथे स्पंज चिकटवा, बॉल त्यात रुततो आणि गप्प बसतो. पडद्याच्या पुठ्ठ्यावर चार दरवाजे आखा, प्रत्येक साधारण 12 सेंटीमीटर रुंद, मधे दोन-दोन सेंटीमीटरची पट्टी सोडून, खालची आणि वरची कडा शाबूत ठेवा नाहीतर पडदा लुळा पडतो. तीन बाजू कापायच्या, चौथी बिजागरी. बिजागरीची घडी आधी बोथट सुरीने दाबून घ्या मग दरवाजा नीट फिरतो. पडदा फळीपुढे उभा करायचा, दोन्ही टोकांना पाण्याच्या भरलेल्या बाटल्यांचा टेकू. रजिस्टर फळीवर आडवं उभं राहतं आणि त्याचं लाल डोकं पडद्याच्या वर नीट दिसतं. हे डोकं दिसणं महत्त्वाचं, सगळा खेळ त्या लाल डोक्यावर आहे. आणि रजिस्टर कुठल्याही दरवाजाच्या उताराच्या खालच्या बाजूच्या कडेलाच ठेवा म्हणजे बॉल बरोबर त्या दरवाजामागे थांबेल, मधल्या पट्टीमागे थांबला तर कुणालाच सापडत नाही. आधी पोर झोपलेलं असताना स्वतः दहा वेळा करून बघा. मी आणि नवरा रात्री अकरा वाजता हे करत होतो आणि खरं सांगते त्यालाही दोनदा चुकलं, पण तो म्हणतो बॉलच वाकडा गेला.

खेळायची पद्धत. पहिल्या दिवशी पडदा लावूच नका. फळी, रजिस्टर, बॉल. पोराला बॉल सोडू दे, भिंतीला अडतो ते बघू दे, रजिस्टरची जागा बदलून परत. दुसऱ्या दिवशी पडदा लावा पण बॉल न सोडता, दरवाजा उघडून बॉल ठेवा, बंद करा, "बॉल कुठेय?" विचारा. हे दोन वर्षांचं पोर आरामात करतं, आणि करायलाच हवं, कारण दरवाजामागे बॉल असतो हेच माहीत नसेल तर पुढचं सगळं फुकट. मग खरा खेळ, पोरासमोर रजिस्टर ठेवा, बोटाने टकटक करा, पडदा लावा, लाल डोकं वर दिसतंय ते दाखवा, बॉल सोडा, आवाज थांबला की विचारा. एकच दरवाजा उघडायचा. चुकलं तर "नाही" म्हणायचं नाही, आपण बरोबरचा दरवाजा उघडायचा आणि "हा बघ, भिंतीपाशी थांबलाय" एवढंच. जागा दरवेळी बदला, कारण पोरं मागच्या वेळी जिथे सापडला तिथे परत जातात किंवा एक दरवाजा लाडका करून घेतात. आणि हो, बरोबर जागेकडे आपण नकळत बघत असतो, ती नजर पोरं लगेच पकडतात, तेव्हा पोराच्या तोंडाकडे बघत विचारा.

एक कागद जवळ ठेवा आणि टिकमार्क करा. दरवाजे चार, म्हणजे डोळे झाकून उघडले तरी बारा वेळांत सरासरी तीनदा बॉल मिळतोच. त्यामुळे तीन-चार बरोबर आले म्हणून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. आमच्याकडे पहिल्या आठवड्यात बारात तीन. आणि त्या बारापैकी सात वेळा बाईसाहेबांनी दोन नंबरचाच दरवाजा उघडला, कुठेही भिंत असो. सासूबाई बाजूला बसून कासावीस, "अगं तिला सांग ना लाल दिसतंय तिकडे म्हणून". सांगितलं. लाल कुठेय विचारलं तर बरोबर बोट दाखवलं. आणि मग जाऊन दोन नंबर उघडला. लाल दिसत नाही असं नाहीये, लाल आणि बॉल यांचा एकमेकांशी काय संबंध तेच लागत नाहीये, आणि हे समोर बसून बघताना फार वेगळं वाटतं.

आता गंमत अशी की पाच-सहा महिन्यांच्या बाळांना हे कळतं असं दाखवणारे प्रयोग आहेत. 1985 मध्ये बायारझाँ, स्पेल्की आणि वॉसरमन यांनी पाच महिन्यांच्या बाळांसमोर एक फळी मागे पाडली, मागे खोका असताना फळी त्याच्यातून आरपार गेल्यासारखी दिसली तर बाळं जास्त वेळ टक लावून बघत होती, म्हणजे काहीतरी चुकलंय हे त्यांना जाणवलं. मग तेच पोर दोन वर्षांचं झाल्यावर मठ्ठ का होतं? हा प्रश्न रेचल कीन यांनी 2003 मध्ये जवळजवळ ह्याच शब्दांत विचारला होता (या कीन म्हणजेच वरच्या ॲमहर्स्टच्या टीममधल्या क्लिफ्टन, आडनाव नंतर बदललं). मला पटलेलं उत्तर असं, बाळाला फक्त घडून गेलेलं बघून "हे काय भलतंच" एवढं वाटायचं असतं. शोधणाऱ्या पोराला आधीच सांगायचं असतं की कुठे असेल, मग त्याप्रमाणे हात घालायचा असतो. आपलंही तसंच आहे की, भाजी खारट झाली हे कुणीही सांगतं, पण मीठ किती घालायचं ते आधी सांगा बघू.

मग मदत कशी करायची? उत्तर सांगून फार उपयोग नाही हे आमच्या आजींनी सिद्ध केलंय. नजर सांभाळून होतो. त्याच लॅबमध्ये 2002 मध्ये बटलर आणि मंडळींनी दरवाजांच्या मधल्या जागा पारदर्शक केल्या, म्हणजे बॉल पळताना मधेमधे दिसतो आणि ज्या जागेत शेवटचा दिसला त्याच्या पुढच्या दरवाजामागे तो असतो. दोन वर्षांच्यांना तरीही जमलं नाही, पण अडीच वर्षांच्यांना बरंच जमलं, आणि ज्यांनी बॉल नाहीसा झाला तिथून नजर हलवली नाही ती बरोबर दरवाजा उघडायची, नजर दुसरीकडे गेली की घोळ. म्हणून मधल्या पट्ट्यांमध्ये खिडक्या कापून वह्यांच्या कव्हरचं प्लास्टिक लावा. आणि बॉल पळत असताना स्वतः गप्प बसा. टाळ्या नको, "बघ बघ बघ" नको, टीव्ही बंद, कुकरची शिट्टी होणार असेल तर दोन मिनिटं थांबा. मी आधी प्रत्येक वेळी "गेलाऽऽ" असं ओरडायचे आणि ती माझ्याकडे बघायची, म्हणजे नेमक्या क्षणी मीच तिची नजर पळवत होते.

आमची दुसरी युक्ती म्हणजे बॉलऐवजी गाडी, आणि गाडीवर कागदी स्ट्रॉला लावलेला लाल झेंडा, जो पडद्याच्या वर दिसतो. झेंडा जिथे थांबला तिथला दरवाजा. हे चिऊला पहिल्या दिवशी जमलं. भिंतीचं डोकं बॉलबद्दल काही सांगतं हे कळायला अवघड, पण झेंडा हा गाडीचाच भाग आहे. दोन दिवस झेंडा उंच, मग कात्रीने थोडा थोडा छोटा.

ज्यांच्याकडे अडीच-तीनची पोरं आहेत आणि चार दरवाजे सोपे झालेत त्यांनी पाईपचा खेळ करा. ब्रूस हूड यांनी 1995 मध्ये हा दाखवला, वर तीन भोकं, खाली तीन वाट्या, मधे वाकडेतिकडे अपारदर्शक पाईप. वरून बॉल टाकला की दोन ते चार वर्षांची पोरं पाईप कुठे जातो ते सोडून सरळ खालच्या वाटीत शोधतात, परत परत, चुकलं तरी. वस्तू सरळ खाली पडते हे पोरांनी उंच खुर्चीवरून हजार चमचे टाकून शिकलेलं असतं, ते इतकं पक्कं की पाईप डोळ्यांना दिसूनही दिसत नाही. कुत्र्यांनाही 2003 मध्ये असाच पाईप देऊन बघितला, तीही आधी सरळ खालीच गेली, पण त्यांनी नंतर ते सुधारलं. घरी एकच पाईप पुरे. आम्ही किचन चिमणीचा लवचिक पाईप वापरला, बदलताना जुना काढला होता तो नाही, उरलेला कोरा तुकडा, कारण जुन्याला आतून तेलाचा थर असतो. कडा धारदार असतात, दोन्ही टोकांना चिकटपट्टीचे तीन वेढे द्या. वरचं टोक खुर्चीच्या पाठीला बांधा, खालचं टोक दोन फूट बाजूला, आणि खाली दोन टोपल्या, एक सरळ खाली, एक पाईपच्या तोंडाशी.

इथे मात्र सांगितलेलं उपयोगी पडतं, आणि हा दरवाजांपेक्षा वेगळा मुद्दा आहे. तीन वर्षांच्या पोरांना बॉल टाकायच्या आधी "बॉल पाईपमधून घरंगळत चाललाय असं मनात आण" म्हटलं तर त्यांच्या चुका कमी होतात, 2011 चा अभ्यास आहे, एमी जो, जस्वाल आणि ह्याच कीनबाईंचा. मी म्हणायचे "बॉल बोगद्यातून चाललाय, झुकझुक, झुकझुक, आता कुठे बाहेर येईल?" आणि बोट पाईपवरून फिरवायचे. बोट फिरवायचं काम तिला दिल्यावर जास्त चाललं.

दिवसाला दहा मिनिटं, त्यावर नाही. झोपेच्या वेळी, भुकेच्या वेळी, पाहुणे आले म्हणून "दाखव ना गं काकूंना" असं नको. आणि ही काही डॉक्टरी टेस्ट नाही, शेजारच्या पोराला सव्वादोनला आलं आणि आपल्याला अडीचला नाही याचा काही अर्थ नाही, एकाच वयाच्या पोरांमध्ये भरपूर फरक असतो. हाक मारल्यावर बघत नाही, बोलणं मागे गेलंय, असली काही काळजी असेल तर ती बालरोगतज्ज्ञांशी बोला, पुठ्ठ्याच्या खोक्याशी नाही.

आमच्याकडे दोन वर्षं दहा महिन्यांना बारात नऊ आले. त्याच आठवड्यात तिने बॉल स्वतः दरवाजामागे ठेवून आजीला शोधायला लावलं, आजीने मुद्दाम चुकीचा दरवाजा उघडला, तर म्हणाली "आजी, लाल बघ ना". सोफ्याखाली मात्र अजूनही कधीकधी आधी फटीतच डोकं जातं, मग आठवण आल्यासारखी उठते आणि टेबलाकडे पळते.

खोका साधारण महिनाभर टिकतो. बिजागऱ्या आतून कापडी टेपने चिकटवल्या तर दोन महिने. आमचा दोन नंबरचा दरवाजा पहिल्या पंधरा दिवसांतच फाटून हातात आला, बाकीचे तिन्ही अजून नवे कोरे.